पदराखालचा चेहरा

ये गं, फोनवर आहेस, पण मनानं तरी जवळ सरक. न विचारता कशाला केलास तो उद्योग? रागावले नाही, पण आजीला एकदा विचारायचं तरी होतंस.

ऐक. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही घोडेगावच्या रस्त्याला खडी फोडत होतो. माझी थोरली लेक, तू न पाहिलेली तुझी मोठी आत्या, दीड वर्षाची, मांडीवर. एक दिवस जीपमधून फोटोवाला आला. कुठं नेणार फोटो, विचारलं तर म्हणाला, "मुंबईला. तिथं कपाटं भरून फोटो असतात. ज्याला जसा लागेल तसा तो विकत नेतो."

"माझा कुनाला लागनार?"

शेजारी बसलेली जाऊ म्हणाली, "लागंल की! शेतात उभा करत्याल, पाखरं पळवायला."

सगळ्या हसल्या. तो म्हणाला, "बाई, पोरीचं तोंड दिसू द्या."

"न्हाई बाबा, दिष्ट लागंल." मी पदर तिच्या तोंडावर ओढला, तेवढ्यात त्यानं कळ दाबली.

दोन महिन्यांत गोवरानं गेली ती. दुसरा फोटो नाही तिचा.

पुढं तोच फोटो खताच्या कॅलेंडरवर आला. मग दवाखान्याच्या भिंतीवर, खाली ‘माता आणि बालक’. एकदा तर शेंगदाण्याच्या पुडीवर. दरवेळी मी आधी पदराकडं बघायचे, जरा सरकला असेल का म्हणून. आता फोनात ‘दुष्काळ’ लिहिलं की येतो म्हणे. कपाट नको, मुंबई नको. आणि परवा तू फोनातल्या त्या चित्रं बनवणाऱ्या मशीनकडून तो पदरच काढून घेतलास आणि मला पाठवलंस. "आजी, बघ, आत्याचा चेहरा!"

गोरे गाल, टपोरे डोळे, चोपून बसवलेले केस. बाई गं, ही कुणाची पोर? माझी सावळी, वाळलेली, डाव्या भुवईत चुलीचा चटका बसल्याचा डाग. पण खरं सांगू? परवापासून डोळे मिटले की तुझ्या मशीनची पोरच समोर येते. माझी आठवायला बसते तर भुवई तेवढी दिसते. बाकीचं पुसत चाललंय. झाकली तीही मीच, आणि आता विसरणारही मीच.

तू लवकर ये. येत्या रविवारीच ये. उरलंय तेवढं सांगते, नुसतं ऐकून घे.