हिच्या हातचं नको

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलेत, "आजी, तुझ्या शाळेतलं कोणीच तुझ्याकडे का येत नाही?" शेजारी तुमची आत्या बसली होती. तिच्यासमोर सांगवेना. तिला सगळे कळते. म्हणून लिहिते आहे.

पाटोद्याच्या शाळेतून मी निवृत्त झाले, तेव्हा निरोपाचा कार्यक्रम होता. आत्या वीस वर्षांची होती. पाहुण्यांना पाणी आपणच द्यायचे, हे तिने स्वतः ठरवले होते. तिला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. स्नायू सैल, जीभ जड. दोन कामे एकदम सांगितली की गोंधळते. एकच सांगावे, करून दाखवावे, पुन्हा दाखवावे. ग्लास भरताना कुठे थांबायचे, हे शिकायला तिला अख्खा उन्हाळा लागला. फरशी रोज ओली. पण आले.

ट्रे घेऊन ती संस्थेच्या अध्यक्षांसमोर उभी राहिली. पुढारी माणूस, मोठी शेती.

"पानी घ्या, काका."

त्यांनी तिच्याकडे पाहिलेच नाही. मला म्हणाले, "बाई, हिच्या हातचं नको. शिपायाला सांगा."

त्यांची बायको म्हणाली, "कावून आणलं हिला? सत्कार बाईंचा हाय का हिचा?"

मागे कोणीतरी हसले.

हिच्या हातचं नको. माझ्या आईने हे आयुष्यभर ऐकले. अशाच मोठ्या घरांच्या दारात तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आम्ही बौद्ध झालो. मी इंग्रजी शिकले, शिकवले. ते वाक्य मागे पडले, असे मला वाटत होते.

माझा चेहरा बघून अध्यक्ष म्हणाले, "गैरसमज नको, बाई. आमी जात मानत न्हाई. तुमच्या घरी चहा पेलोच की! हिची गोष्ट येगळी हाय."

तेव्हा लख्ख कळले. तो चहा म्हणजे मला दिलेली सवलत होती. मला इंग्रजी येते म्हणून.

मुख्याध्यापक शाल घेऊन उभे होते. मी म्हणाले, "आधी पाणी. मग शाल."

कोणी हात पुढे केला नाही. इतक्या वर्षांचे सहकारी. सगळे खाली बघत बसले. मी एक ग्लास उचलला, उभ्यानेच प्यायले, आत्याचा हात धरला आणि निघाले.

त्यानंतर फोन थांबले. दिवाळीच्या फराळाचे डबे थांबले. दुपारी कडी वाजली तर गॅसवाला. तेही चालले असते. पण आत्याने पाण्याचे काम सोडले. तांब्या पुढे केला की दोन्ही हात पाठीमागे न्यायची. "माजा हात घान?" असे विचारायची आणि साबण लावत बसायची.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. एक ग्लास. थांब. पुन्हा.

तुम्ही याल तेव्हा बाटलीतले पाणी घेऊन येऊ नका. या घरात पाणी तीच देते. ज्याला चालत नसेल त्याने उंबरा ओलांडू नये. मग तो माझ्या रक्ताचा असला तरी. हे तुमच्या बाबांनाही वाचून दाखवा.

आता इथे आम्ही दोघीच असतो. ती ग्लास भरते, थांबते. ती पाणी देते.