शेवंताआक्कांचा ओढा

ओढ्यातला दगड उचलला की शेवंताआक्का त्याची खालची बाजू निरखून बघत आणि तो होता तसाच, त्याच खळग्यात परत बसवत. पहिल्या दिवशी मी दगड काठावर टाकला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "पालथा नगं टाकू पोरी. त्येच्या पोटाला बिऱ्हाडं हायेत."

वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्या ओढ्यातले किडे मोजायला मी पुण्याहून जात असे. कुठले किडे टिकून आहेत, त्यावरून पाण्याची तब्येत कळते. आक्का साठीच्या, खेकडे-मासे धरणाऱ्या. किड्यांची शास्त्रीय नावं त्यांना ठाऊक नव्हती, पण कुठला कुठल्या धारेत सापडेल ते काठावरूनच सांगत. एखादा बोटावर घेऊन म्हणत, "ह्यो दिसंना झाला की समजायचं, पाणी आजारलं."

तिसऱ्या वर्षी ओढा खोल करायचा ठराव ग्रामसभेत आला. उन्हाळ्यात गावची विहीर आटे, टँकरची वाट बघावी लागे. तळाचे दगड-गोटे उपसले तर धार तुटेल, असं मी उभं राहून सांगितलं. मागून एकाने विचारलं, "मॅडम, मग आमी प्यायचं काय?" हात वर झाले, त्यात आक्कांचाही होता.

बाहेर आल्यावर त्याच म्हणाल्या, "रागावलीस व्हय? माजी सून दोन हंडे घेऊन खालच्या मळ्यातनं चढती. किडं दिसत्यात मला, पर ती बी दिसती."

पोकलेन आलं. त्याच्या पुढेपुढे आम्ही दोघी बादलीतून मासे वरच्या डोहात नेत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का मटकन खाली बसल्या. "ऱ्हाऊ दे. किती नेशील?"

पावसाळ्यात ओढ्यात खणलेला चर तुडुंब भरला. आक्कांनी फोन करून सांगितलं, आवाजात आनंद होता. आपणच चुकलो असू, असं मला वाटलं. खरं तर तसं वाटून बरंही वाटलं. शिवरात्रीला पाणी हिरवं पडलं, होळीनंतर तळ दिसला, टँकर पुन्हा सुरू झाला. आक्कांनी कुणालाच बोल लावला नाही. "तू सांगितलं हुतंस," एवढंच म्हणाल्या, "पर तुजं आयकून बी तान भागली नसती."

मे महिन्यात त्या गेल्या. वाटेत एसटी बदलून मी पोचले तोवर राख सावडून झाली होती. मंडळी ओढ्यावर उभी होती. पूर्वी वैशाखातही तिथे करंगळीएवढी धार असे आणि गावातल्या प्रत्येकाच्या अस्थी त्याच धारेत सोडत. आता चरात भेगाळलेला गाळ होता.

आक्कांचा मुलगा माझ्याजवळ आला. "ताई, तुमी नद्यांचंच शिकलाय. वाहतं पाणी कुठं घावंल?"

"भोरला," मी म्हणाले. "धरणाच्या खाली. पाणी सोडलं असलं तर."

त्याने मडकं फडक्यात बांधलं आणि तो टेम्पोत चढला. त्या दिवशी पाणी सोडलंय की नाही, हे मला माहीत नव्हतं.