खालचा दोर

१२ जानेवारी १९९७, रविवार. भरलेली फी साठ रुपये, एका माणसाची. हजर: मी, माझी पत्नी, दोर लावणारे सर, खाली उभा राहणारा त्यांचा जोडीदार आणि आमच्या सोसायटीतली अकरा माणसं. जागा तुर्भ्याच्या मागच्या डोंगरातली, बंद पडलेली दगडखाण. कडा सत्तर फूट.

साठ रुपये पत्नीचे. मी नुसता सोबत गेलो होतो.

ऐरोलीला चौथ्या मजल्यावर राहायला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात ती गॅलरीच्या कठड्यापर्यंत एकदाही गेली नव्हती. कपडे मी वाळत घालायचो. शेजारी हसायचे. मला त्याचं काही वाटत नसे, तिला वाटे. सोसायटीच्या फळ्यावर दोराने कडा उतरण्याची सूचना लागली, तेव्हा तिने मला न विचारता नाव दिलं. म्हणाली, "सत्तर फूट उतरले, तर चाळीस फुटांवर उभं राहायला काय होतंय?" हिशेब बरोबर होता. हरकत घेता येईना.

सरांनी सगळं समजावलं. मुख्य दोर वर दोन ठिकाणी बांधलेला, तो कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या आठच्या आकाराच्या कडीतून खाली जातो. शिवाय सुरक्षेचा वेगळा दोर खुद्द सरांच्या हातात. मुख्य दोराचं टोक खाली एकजण धरतो. उतरणाऱ्याचा हात सुटलाच, तर त्याने टोक ताणायचं, की माणूस जागच्या जागी थांबतो. सैल सोडलं की उतरू लागतो.

"तिच्या वेळी ते टोक मी धरणार," मी म्हणालो.

"धरा. पण काका, धरायचं म्हणजे नुसतं हातात ठेवायचं."

ओढणी माझ्या पिशवीत टाकून ती वर गेली. कड्यावरून मागे झुकली तेव्हा मी टोक दोन्ही हातांनी धरलं. पंधराएक फूट ती बरी उतरली आणि मग थांबली.

"काकू, मागे रेला!" वरून सर ओरडले.

"वहिनी, डोळे मिटून घ्या!" खालून सोसायटीतलं कुणीतरी.

"अरे, मिटायला काय सांगतोस!" दुसरा त्याच्यावर ओरडला.

"सरकतच नाहीये हो!" तिचा आवाज रडवेला झाला होता.

"घाबरू नकोस, मी धरलंय!" असं ओरडून मी आणखी घट्ट धरलं.

सरांचा जोडीदार जासईचा, पस्तिशीचा, शांत माणूस. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, काकू नाय घाबरल्या. तुमी दोर खेचून धरलाय. सोडा जरा."

मी स्वतःकडे पाहिलं. रस्सीखेच लागल्यासारख्या टाचा रुतवून मी मागे झुकलो होतो. बोटं पांढरी पडली होती.

वर तिलाही एव्हाना कळलं होतं. "अहो, सोडा की! घरात तेच, इथेही तेच!"

सगळी खाण हसली. मला मात्र सोडवेना, खरं सांगतो. एकेक बोट उघडावं लागलं. दोर सैल झाला आणि ती थोडी अडखळत, मग सरळ, खाली आली. चेहरा लाल झाला होता. आता बोलणी बसणार असं मी धरून चाललो होतो. ती वर कड्याकडे पाहत राहिली.

"सात-आठ मिनिटं लटकले असेन ना मी?"

"चार." घड्याळ मी पाहिलं होतं.

"चार मिनिटं. आणि काही झालं नाही." तिने बाहीने घाम पुसला. "खाली बघितलं मी. सगळं बघितलं. तुमचं टक्कलसुद्धा."

मग ती जोडीदाराकडे वळली. "भाऊ, मी परत उतरणार आहे. या वेळी तुम्ही धरा."

दुसऱ्या फेरीचे पंधरा रुपये पडत होते. मी ते जोडीदाराच्या हातात दिले, तोवर ती अर्धी पायवाट चढून गेली होती.