आमचं घर वगळून

माझ्या बायकोच्या आत्याइतकं देवाला त्रास देणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं नसेल. नवस बोलून विसरणारे, परीक्षेच्या आदल्या दिवशी हात जोडणारे, हे सगळे परवडले. ते निदान अधूनमधून देवाला मोकळं सोडतात. आत्याबाईंनी ती चूक कधी केली नाही. चहाच्या आधी प्रार्थना, चहा चांगला झाला म्हणून प्रार्थना, आणि बिघडला तर करणारीसाठी प्रार्थना, तीही तिच्या डोक्यावर हात ठेवून, चार पाहुण्यांच्या देखत. माझी बायको आज चहा बरा करते त्याचं कारण हेच आहे.

कंधारकडच्या एका दवाखान्यात त्यांनी जन्मभर नर्सचं काम केलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर लातूरच्या आमच्या मिशन कंपाउंडात, नेमक्या आमच्या दारासमोरच्या खोलीत राहायला आल्या. इंजेक्शन टोचताना समोरच्याची परवानगी घेत बसायचं नसतं, ही त्यांची दवाखान्यातली सवय पुढे सगळ्याच बाबतीत टिकली. एकदा आम्ही त्यांच्याबरोबर एका लग्नाला नांदेडला निघालो होतो. लोह्याच्या स्टँडवरून गाडी सुटणार एवढ्यात आत्याबाई उभ्या राहिल्या आणि "डोळे मिटा समदे" असा हुकूम त्यांनी सोडला. टोपीवाले म्हातारे, बुरख्यातल्या बायका, कॉलेजची पोरं, सगळ्यांनी निमूट डोळे मिटले. शेवटी कंडक्टर काकुळतीला येऊन म्हणाला, "बाई, डायवरचे तेवढे उघडे राहू द्या." आत्याबाईंनी सवलत दिली, पण नाखुशीने. त्या ड्रायव्हरच्या श्रद्धेविषयी नांदेड येईपर्यंत त्या मला शंका बोलून दाखवत होत्या.

शुक्रवारी त्यांचा उपास असे. उपास गुप्तपणे करावा असं शास्त्रात सांगितलंय, म्हणून त्या प्रत्येक घरी जाऊन "आज मला आग्रह करू नका" एवढंच सांगत. मग केळी, दूध, शेंगदाण्याचा लाडू असं काहीबाही पुढे यायचं. "हे काय खाणं हाय व्हय," असं म्हणत त्या ते संपवायच्या आणि पुढच्या घरी उपास सांगायला जायच्या. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना हमखास अपचन व्हायचं. ते त्या सैतानाच्या खाती टाकत.

पण हे सगळं रविवारपुढे किरकोळ होतं. उपासनेत पाळकसाहेब म्हणायचे, "आता कोणी दोघांतिघांनी थोडक्यात प्रार्थना करावी." यातला 'थोडक्यात' हा शब्द ते आत्याबाईंकडे बघून उच्चारत, आणि आत्याबाई नेमक्या त्याच वेळी डोळे मिटून घेत. सुरुवात पुस्तकी मराठीत व्हायची, "हे दयाळू स्वर्गीय बापा." तिसऱ्या घरापर्यंत भाषा कंधारला पोचायची. घरापर्यंत म्हणतो ते अशासाठी, की त्या कंपाउंडाच्या गेटपासून ओळीने एकेक घर घ्यायच्या, नावानिशी, अडचणीनिशी. "प्रभू, तुला ठाऊकच हाय, गेटाजवळच्या घरची सून माहेरी गेली ती काय बाळंतपणाला न्हाई गेली." "प्रभू, तुला ठाऊकच हाय, कंपाउंडरसाहेब दारू सोडली म्हणून सांगतेत." देवाला जे ठाऊक आहे ते बाकीच्यांना ठाऊक करून देणं, ही सेवा त्यांनी आपणहून पत्करली होती. त्यात आमच्या कमिटीने, जिला गळके पत्रे बदलायला वर्षानुवर्षं सवड होत नाही, तिने मोठ्या हौसेने माईक आणि बाहेर झाडावर एक कर्णा बसवून घेतला.

बरं, ऐकणारेही काही कमी नव्हते. आमची मंडळी "एकमेकांवर प्रीती करा" असं गळा काढून गातात आणि बाहेर चपला शोधताना एकमेकांना ओळख देत नाहीत. पण आत्याबाईंची प्रार्थना झाली की हीच माणसं कामाला लागायची. संध्याकाळी त्या सुनेच्या माहेरी दोघी जणी जाऊन बसलेल्या, कंपाउंडरसाहेबांना कोणीतरी फिरायला घेऊन चाललेलं, आजाऱ्याच्या घरी एकाऐवजी चार डबे. मला या लोकांच्या रिकामटेकडेपणाची कमाल वाटायची. दुसऱ्याच्या घरात डोकवायला धर्माचं निमित्त मिळालं की भाकरी थापायचाही कंटाळा येत नाही, असं मी बायकोला म्हणत असे.

मग आमची पाळी आली. माझा मुलगा आशिष पुण्याला इंजिनीअरिंग शिकत होता. तो मध्येच नापास होऊन परत आला. मी एका शाळेचा निवृत्त हेडमास्तर. अर्ध्या कंपाउंडाला मी अभ्यासावरून सुनावलेलं. तेव्हा आशिषला पुण्यात नोकरी लागली असून तो घरूनच काम करतो, असं मी जाहीर केलं. हल्ली या घरून कामाची मोठी सोय आहे. आशिष मात्र खोलीच्या बाहेर येईना. दार लावलेलं, पडदा ओढलेला, जेवायचं ताटही आत. पुढे पुढे ते अर्धंमुर्धं तसंच परत यायला लागलं. मला भीती होती ती लोकांना कळण्याची. बायकोला भीती होती ती निराळी, आणि ती रात्री उठून त्याच्या दाराला कान लावत असे. एक दिवस तिने समोरच्या खोलीत जाऊन आत्याबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि रविवारी व्हायचं ते झालं.

"प्रभू, तुला ठाऊकच हाय, आमच्या जावयाच्या घरी काय चालू हाय. आशिष काय पास झाला न्हाई. नोकरी न्हाई, फिकरी न्हाई. लेकरू सोताला कोंडून घेऊन राहिलंय, जेवत न्हाई, बोलत न्हाई. अन् बाप लोकायला सांगून राहिलाय, घरून काम करतो म्हणून. लेकराला तर तू सांभाळशीलच बापा, पर आधी त्या बापाला धीर दे."

कर्ण्यातून हे सगळं रस्त्यापलीकडच्या दुकानांपर्यंत गेलं. मी शेवटच्या गीताला थांबलो नाही. दारात उभा राहिलो आणि आत्याबाई बाहेर आल्या तशा सगळ्यांसमोर म्हणालो, "आजपासून या चर्चमध्ये आमच्या घराचं नाव तुमच्या तोंडून निघता कामा नये." मला वाटलं होतं वचनं ऐकवतील, निदान रडतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बरं, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या रस्त्यावरचे ठिबक सिंचनाच्या दुकानाचे अप्पा आले. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात मोटारसायकलची किल्ली. लिंगायत माणूस, चर्चची पायरी कधी चढलेला नाही. म्हणाले, "गुरुजी, पोरगं घरीच हाय म्हणं. शिरूर अनंतपाळकडं ठिबक जोडायचंय, मानूस कमी पडून राहिलाय. पाठवता का?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या कर्ण्यानं," अप्पा म्हणाले. "दर रविवारी ऐकतो की. दुकानात दुसरं काय हाय करमणुकीला?"

मी काही बोलायच्या आत आतलं दार उघडलं. आशिषने सगळं ऐकलं होतं. तो तसाच, दाढी वाढलेला, अप्पांच्या मागे बसून गेला. संध्याकाळी आला तो गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, आणि ताट खोलीत न नेता स्वयंपाकघरात बसून जेवला. बायको त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. तिला तोंड दाखवायचं नव्हतं. याचं सगळं श्रेय अप्पांचं, असं मी त्याच वेळी ठरवून टाकलं. माझं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. घरातली गोष्ट घरातच राहिली पाहिजे.

आत्याबाईंनी शब्द पाळला. रविवारी ओळीने घरं यायची. आमच्या अलीकडचं घर झालं की त्या थांबायच्या, एक श्वास घ्यायच्या, आणि आमच्या पलीकडचं घर सुरू करायच्या. अख्ख्या चर्चला तो श्वास ऐकू यायचा, कर्ण्याच्या कृपेने अप्पांनाही. पहिले काही रविवार मला जिंकल्यासारखं वाटलं. मग माझी शुगर वाढली, पायाला जखम झाली, मी महिनाभर घरात पडून होतो. एक डबा आला नाही. कोणाला कळलंच नव्हतं, आणि आपण होऊन सांगायची सवय आमच्या घराला नाही.

गेल्या नाताळानंतर त्यांचे गुडघे अगदीच बसले. नांदेडचा त्यांचा भाचा त्यांना कायमचं न्यायला आला. शेवटच्या रविवारी तरी त्या आमचं नाव घेतील असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच पुढच्या बाकावर बसलो होतो. अलीकडचं घर झालं, त्या थांबल्या, आणि नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबून पलीकडच्या घराकडे गेल्या. आशिषने त्यांना धरून जीपपर्यंत नेलं. आत बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुमचा शब्द मोडला न्हाई म्या." मला म्हणायचं होतं वेगळंच, पण मी म्हणालो, "सांभाळून जा."

आता आमच्याकडे कंपाउंडरसाहेब प्रार्थना करतात. सर्व कुटुंबांना आशीर्वाद दे, आमेन. नाव नाही, गाव नाही. उपासना वेळेवर सुटते, आणि माणसं आपापल्या चपला घालून आपापल्या घरी जातात.

परवा भाच्याचा फोन आला. वैतागला होता. म्हणाला, "दाजी, तुम्ही तरी समजावा आत्याला. इथं तिला कोणी वळखत न्हाई, तर ती लातूरचं कंपाउंड धरून बसलीय. दर रविवारी एकेक घर. तुमच्या घरी आली की मंग थांबतच न्हाई. आशिषचं ठिबक, ताईची कंबर, तुमची शुगर, नांदेडच्या लोकायला समदं पाठ झालंय. मी म्हणलं, कामून करतीस, दाजी रागावले होते न्हवं. तर म्हणती, जावयानं त्या चर्चात नको म्हणलेलं, नांदेडात न्हाई."

"शुगरचंसुद्धा सांगतात?"

"सांगती की. गोड सोडत न्हाई म्हणती मानूस. पाळकबी वैतागलेत. थोडक्यात उरकायला सांगा तिला, तुमचं ऐकंल ती."

"नको," मी म्हणालो. "काही सांगू नका त्यांना. करू द्या."