आउटगोइंग बंद

कंपनीच्या दुधाच्या टँकरवर मी ड्रायव्हर. कंपनीनं दिलेल्या फोनवरून ऑफिस सोडून कुठंही फोन लागत नाही. चूक आमचीच. चहाच्या टपरीवर कुणी "पावणं, जरा एक फोन लावू द्या की" म्हटलं, की आम्ही फोन त्याच्या हातात ठेवायचो. आमच्याकडं पाहुण्याला नाही म्हणायची पद्धतच नाही. शेवटी ऑफिसातल्या मॅडमनी सगळ्यांचं आउटगोइंग बंद केलं. मी त्यांच्या नावानं बोटं मोडली.

एकदा गगनबावड्याजवळ झाड पडून रस्ता बंद झाला. पुढंमागं गाड्या, हलायला जागा नाही. बायको कबनूरला माहेरी, सकाळीच कळा सुरू झालेल्या. माझ्या फोनला रेंज नव्हती. कंपनीच्या फोनला बोलण्यापुरती होती, पण तो घरी लागणार कसा? माझं डोकंच फिरलं. ऑफिसला फोन लावून मॅडमवर ओरडलो, "उघडा हा फोन!"

"हितनं उघडला तरी तिथं नेट आल्याबिगर त्याला कळत न्हाय," त्या म्हणाल्या. "ओरडू नका. घरचा नंबर सांगा."

सासूबाई दवाखान्यात, त्यांचा रिचार्ज संपलेला. म्हणजे त्यांचंही आउटगोइंग बंदच. मॅडमनी स्वतःच्या मोबाइलवरून त्यांना गाठलं आणि ऑफिसच्या फोनचा रिसीव्हर त्या मोबाइलला भिडवून धरला. बायको सिझेरियनला घाबरून अडून बसली होती. माझ्याशी बोलल्याशिवाय आत जाणार नाही म्हणत होती.

"कुठं मेलायसा तुम्ही?" ती रडत ओरडली. तो आवाज ऐकून जिवात जीव आला.

"जा तू आत," मी म्हटलं. "मी हाय फोनवर. ठेवत न्हाय."

मॅडमनीही ठेवला नाही. टेबलावर फोन ठेवले की आवाज तुटायचा, म्हणून त्या दोन्ही हातांत दोन फोन धरून उभ्याच होत्या, असं नंतर ऑफिसातल्यांनी सांगितलं. साहेबांनी बोलावलं तरी हलल्या नाहीत. शेवटी सासूबाईंचा आवाज आला, "पोरगी झाली! दोघी बऱ्या हायत!" मी स्टेअरिंगवर डोकं टेकून रडलो.

पुढं बर्फी घेऊन ऑफिसात गेलो, तेव्हा हळूच म्हटलं, "मॅडम, घरचा तेवढा नंबर चालू करा की."

"का? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?" बर्फी तोंडात टाकत त्या म्हणाल्या.

असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आता टपरीवर कुणी फोन मागितला, की मी सांगतो, "पावणं, ह्यो फोन एकाच ठिकाणी लागतोय. पण तिथलं माणूस फोन ठेवत न्हाय. लावू?"