पाच ट्रंपेट आणि एक तबकडी

"हात मागं, कान म्होरं!"

मास्तरांच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पाहुणा असो की दूधवाला, हा हुकूम ऐकावा लागे. तुम्ही गेला असतात तर तुम्हालाही हात पाठीशी बांधूनच उभं राहावं लागलं असतं. मास्तरांनी एकदा मुंबईला जाऊन संग्रहालय पाहिलं होतं. तेव्हापासून भिसेगावातली आपली एवढीशी खोली हे दुसरं संग्रहालय, अशी त्यांची खात्री होती.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती ती. मास्तर आमच्या लग्नाच्या बँडचे म्होरके आणि मी त्यांच्या शेजारी क्लॅरिनेट वाजवणारा. खोलीत खिळ्यांना पाच जुने ट्रंपेट टांगलेले. एक पलटणीतून आलेला, एक चेपलेला, एक तर वाजतच नसे. "त्यो म्हातारा हाय, त्याला बोलाय लावू नको," मास्तर म्हणत.

खाली फळीवर बुचं. ट्रंपेटच्या तोंडात घालून आवाज दाबायची ही वस्तू. मुंबईचे वादक तिला म्यूट म्हणत, मास्तर बूच म्हणत. एक पत्र्याचं, एक करवंटीचं, आणि एक कोंडाण्याकडच्या ठाकरवाडीतून आणलेल्या वाळक्या दुध्याचं. हे तिसरं फक्त नवरीच्या पाठवणीला. ते घातलं की ट्रंपेट पदरात तोंड खुपसून रडल्यासारखा वाजे. नवरीची आई रडली नाही तर मास्तर दोन दिवस घुश्शात असत.

पण खोलीतला देव म्हणजे एक तबकडी. तरुणपणी स्टेशनजवळच्या चहाच्या हॉटेलात ती ऐकून ऐकूनच मास्तर ट्रंपेट शिकले, आणि हॉटेल बंद पडल्यावर त्यांनी ती मागून आणली. तिच्यावर एका गोऱ्या वादकाची नाचाची चाल होती. मधल्या एका तुकड्यावर ओरखडा पडला होता. सुई तिथे अडके, तोच तुकडा तीनदा वाजवी आणि मग पुढे जाई. त्या चालीची दुसरी तबकडी मास्तरांनी कधी ऐकलीच नव्हती. तो तुकडा तीनदाच असतो असं ते शिकले, आम्हाला त्यांनी तसंच शिकवलं, आणि कर्जत-खालापुरातल्या वराती त्या जागी तीन उड्या मारू लागल्या. मी खरी चाल मुंबईला मावशीकडे ऐकली होती. मास्तरांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मग लोधिवलीचं लग्न आलं. नवरदेवाच्या पुण्याच्या मामांनी हौसेनं मांडवात ग्रामोफोन लावला. नेमकी तीच चाल! तुकडा आला, एकदाच वाजला आणि निघून गेला.

"मामा, तबकडी खराब हाय तुमची!" मांडवातून ओरडा झाला. "दोन येळचं खाल्लं तिनं!"

"नवी कोरी आहे!" मामा तापले.

सगळे हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि त्यांना सगळं कळलं.

वरात निघाली. आपण जन्मभर चुकीचं शिकवत आलो हे कळल्यावर हा माणूस पुन्हा ट्रंपेट तोंडाला लावेल की नाही, या धास्तीनं माझं क्लॅरिनेट पहिल्याच सुराला घसरलं. मास्तरांनी लावला, पण तुकडा एकदाच वाजवला. नाचणाऱ्यांची पहिली उडी बरोबर पडली. दुसरीच्या वेळी बँड पुढे निघून गेलेला, आणि नवऱ्याचा चुलता थेट आमच्या ढोलावर आदळला.

नवरीची आजी कमरेवर हात ठेवून पुढे आली. "मास्तर, दोन कुटं ग्येली रं? माज्या तिनी पोरींना तीनदा वाजवलंस, नातीलाच कमी का?"

मास्तरांनी ओठ पुसले, चाल पहिल्यापासून धरली आणि तो तुकडा तीनदा वाजवला. म्हातारीही नाचली.

परतताना बैलगाडीत त्यांनी विचारलं, "तुला ठाव व्हतं?"

"होय मास्तर. दोन वर्षं."

"नाय बोललास ते बरं केलंस. आदी कळतं तर म्या ट्रंपेट खिळ्यालाच ठेवला असता." मग म्हणाले, "पन तुजं क्लॅरिनेट आज बेसूर व्हतं."

मास्तर गेल्यावर त्यांच्या मुलानं सगळा संग्रह मुंबईच्या एका संग्रहालयाला दिला. तिथल्या साहेबांनी ट्रंपेट घेतले, बुचं घेतली. फक्त तबकडी परत पाठवली, ओरखडा आहे म्हणून.

मुलानं ती मला दिली. माझ्याकडे ग्रामोफोन नाही, आणि असता तरी मी ती लावली नसती. ती चाल मला मास्तरांकडूनच ऐकायची आहे, आणि मास्तर नाहीत.