धावपट्टीवरचं खळं

चाकणच्या अलीकडच्या माळावर एक धावपट्टी होती. लढाईच्या काळात गोऱ्यांनी लोकांची रानं घेऊन ती बांधली. पुढं तिथं शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं उतरू लागली. विमान यायचं झालं की पहारेकरी लतीफचाचा पळत जाऊन म्हशी हाकलायचे. मग सभोवार कारखाने उठले, उंच टॉवर आले, विमानं यायची थांबली. फाटकाला कुलूप लागलं आणि गंजून गळूनही पडलं.

सुभद्राबाई त्या वस्तीत नांदायला आली तेव्हा धावपट्टीचं खळं झालेलं होतं. सारवायला नको, धान्याला माती लागायला नको. काळंभोर डांबर असं तापायचं, की सोयाबीन बघता बघता खडखड वाजायला लागे. ज्याची त्याची जागा ठरलेली. कडेला चुना फासलेले दगड, आणि कुणी कुणाच्या दगडाला हात लावायचा नाही, ही रीत. फाटकाजवळचं पहिलं खळं लतीफचाचांच्या मुलाचं, चांदभाईचं. तो मिरचीचा व्यापार करी. त्याच्या शेजारी सुभद्राबाईचं. वारा सुटला की त्याच्या मिरच्या तिच्या सोयाबीनमध्ये येत आणि ती त्या वेचून पदरात घेई.

"वहिनी, जागेचं भाडं वसूल झालं का?" तो विचारी.

"मिरचीत तिखटपना असता, तर झालं म्हनले असते," ती म्हणे.

तिचा नवरा गेला त्या वर्षी तिची रास चांदभाईनंच पसरली, गोळा केली आणि पोत्यांत भरून घरी आणून टाकली. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, तीही बोलली नाही.

मग माळ विकला गेला. कुणी विकला, कुणाला विचारून, काही नाही. वस्तीला ते मोठाल्या पाट्यांवरूनच कळलं. पाटीवर एक गोरीपान बाई विमानाकडं बघून हसत होती, मागं इमारती आभाळाला टेकलेल्या. ज्यांची रानं त्या पट्टीखाली गेली, त्यांचीच नातवंडं पाटीपुढं उभी राहून फोटो काढत होती. 

वस्तीनं ओरडू नये म्हणून बिल्डरनं तोंडं बंद करायची सोय काढली. ज्याचं खळं, त्याला इमारतींखालच्या नव्या बाजारपेठेत एक गाळा. पहिल्या खळ्याला रस्त्याकडेचा, बाकीच्यांना मागचे. झालं. वाळवणाची जागा ती, कुणाच्या बापाची नव्हती. पण जो तो मालक झाला. सख्ख्या भावांनी एकमेकांचे दगड सरकवले. एकानं तर मेलेल्या आईच्या नावानं खळं सांगितलं.

सुभद्राबाईचा मुलगा गणराज कंपनीतून शिफ्ट करून आला आणि भरदुपारी चुन्याचा डबा घेऊन पट्टीवर गेला. चांदभाईचे दगड त्यानं नाल्यात ढकलले आणि आपले फाटकापर्यंत आणून मांडले. मोजणीला आलेल्या साहेबाला सांगितलं, की चांदभाई बाहेरचा माणूस, इथं त्याचं काही नाही. ज्यांना लतीफचाचांनी कडेवर खेळवलं होतं, ते बाप्ये बाजूलाच उभे होते. सगळे आपापल्या चपलांकडं बघत राहिले.

साहेबानं सुभद्राबाईला विचारलं, तुमचं खळं कुठवर? काय बोलायचं ते गणराजनं तिला घरूनच पढवून आणलं होतं.

"पैलं खळं चांदभाईचं," ती म्हणाली. "त्याचा जल्म ह्या फाटकापाशी झालाय. आमचं त्या खांबाच्या पल्याड. ह्यो चुना आजचा हाय, बोट लावून बघा."

गणराज तिच्याशी बोलेनासा झाला. पुढं गाळे वाटले. चांदभाईला रस्त्याकडेचा मिळाला, गणराजला मागचा, गटाराच्या तोंडाशी.

एका रविवारी गणराज आईला बळंच सोबत घेऊन चांदभाईच्या घरी गेला. पेढ्यांचा पुडा पुढं ठेवला. "चाचा, तुमी घरचेच. या वयात दुकान कुठं झेपतंय तुमाला? मला द्या चालवायला."

 चांदभाई सुभद्राबाईकडं वळला. "पोरगं आपलंच हाय, वहिनी. तुमी म्हनाल तसं."

तो देईल, हे तिला ठाऊक होतं. तिनं पोटच्या पोराकडं पाहिलं. त्याच्या तोंडावर लाजेचा लवलेश नव्हता, नुसतं गोड हसू.

"देऊ नगंस," ती म्हणाली. "आज चाचा म्हंतोय. गाळा हातात आला, की पुन्ना बाहेरचा म्हनंल."

ती उठून दारात गेली आणि अंगणात पचकन थुंकली. गणराज तिच्या बाजूनं पायऱ्या उतरून गेला. जाताना पेढ्यांचा पुडाही त्यानं उचलून नेला.